विद्यार्थ्यांची शर्यत-गाडी आणि तिचा दुसरा मालक

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कर्मशाळेत एखादी बुटकी, उघडी, एकाच माणसाला बसता येईल अशी मोटार कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. विद्यार्थ्यांनी वर्षभर रात्रीचा दिवस करून ती घडविलेली असते. एका स्पर्धेत ती धावते; पुढच्या तुकडीने नवी गाडी हाती घेतली की तिचे काम संपते. अमेरिकेत 1980 च्या सुमारास सुरू झालेल्या 'फॉर्म्युला एसएई' स्पर्धेची ही देणगी. आपल्याकडेही कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेत अशाच गाड्या उतरतात.

अमेरिकेत अशा जुन्या गाड्या हौशी लोक विकत घेतात व ऑटोक्रॉसमध्ये चालवितात. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या डांबरी पटांगणावर रबरी शंकू मांडून आखलेली वळणावळणाची वाट. तेथे एका वेळी एकच गाडी धावते, आणि तिची झुंज असते ती घड्याळाशी. बहुधा मिनिटभराचाच खेळ. परंतु तेथील 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेच्या नियमानुसार एक शंकू पडला की वेळेत 2 सेकंदांची भर पडते. अवघ्या 200 ते 250 किलो वजनाची चपळ गाडी या खेळासाठीच जन्मली आहे असे कोणालाही वाटावे. तरीही विकत घेतलेली गाडी तशीच्या तशी पटांगणावर उतरविणे शहाणपणाचे नाही. ती बांधली गेली ती परीक्षकांसमोर एकदा उभी राहण्यासाठी; नव्या मालकाला तर ती वर्षानुवर्षे चालवायची असते.

पहिले काम पान्याचे नव्हे, कागदांचे आहे. गाडीबरोबर तिचे आराखडे, वायरिंगचा नकाशा आणि इंजिनच्या संगणकातील इंधनाचा तक्ता मागून घ्यावा. ज्यांनी ती बांधली ते पदवी घेऊन चहूकडे पांगतात आणि कोणती तार कोठे जाते हे ज्ञानही त्यांच्याबरोबर निघून जाते. हे कागद नसतील तर किमतीत तेवढी घट मागावी. कारण ते सारे पुन्हा शोधून काढण्यात कित्येक आठवडे खर्ची पडतात.

दुसरे काम सांगाड्याचे. गाडीचे चाक ज्या दांड्यांनी धरलेले असते, त्या दांड्यांचे पट्टे सांगाड्याला जेथे वेल्डिंगने जोडलेले असतात, तेथे बारीक तडे जातात. रंग खरवडून, तडा उघड करणारा द्रव लावून प्रत्येक जोड तपासावा. दांड्यांच्या टोकांचे गोल सांधे ढिले झाले असल्यास बदलावेत. इंधनाच्या नळ्या आणि ब्रेकच्या नळ्या जुन्या असतील तर त्यांची गय करू नये. बसण्याच्या पट्ट्यांवर मुदत छापलेली असते. ती उलटून गेली असेल तर पट्टे कितीही नवे दिसोत, ते बाद समजावेत. चालकाच्या मागची व पुढची अशा दोन लोखंडी कमानींच्या माथ्यांना जोडणारी एक रेषा कल्पावी. मूळ नियमाप्रमाणे शिरस्त्राण या रेषेच्या किमान 50 मिलिमीटर खाली हवे. गाडी बांधणारी मुले सडपातळ होती आणि नवा मालक उंच व धिप्पाड असेल, तर हे माप पुन्हा घेतल्यावाचून त्याने आसनावर बसू नये. गाडी उलटलीच तर जीव वाचविणारे अंतर तेवढेच आहे.

आता इंजिन. ते बहुधा मोटारसायकलचे, 600 सीसीचे असते. मोटारसायकल वळणावर कलते, त्यामुळे तेल तळाशी राहते. मोटार तशी कलत नाही; म्हणून लांब वळणावर तेल एका बाजूस सरकते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि क्षणार्धात बेअरिंग जळून जाते. ज्या संघांनी स्वतंत्र टाकीची तेलव्यवस्था केली असेल त्यांचे कौतुकच. इतरांच्या गाडीत तेल अडविणारे पडदे आहेत की नाहीत हे तळ उघडून पाहावे, आणि तेलाचा दाब उतरताच पेटणारा मोठा लाल दिवा चालकाच्या डोळ्यांसमोर बसवावा. दोन धावांच्या मधल्या वेळात उभ्या गाडीला वारा मिळत नाही. तेव्हा रेडिएटरवर चांगला पंखाही हवा.

हे सारे झाल्यावर येतो तो मोहाचा विषय. स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोल इंजिनला लागणारी सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे जवळजवळ पाण्याच्या बाटलीच्या तोंडाएवढ्या छिद्रातून जावी लागते. हा रिस्ट्रिक्टर काढला की अश्वशक्ती वाढते, हे खरे. पण संगणकातील इंधनाचा तक्ता त्या छिद्राच्या मापाने लिहिलेला असतो. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होते, इंजिन भलते तापते व पिस्टनला भोक पडण्यापर्यंत पाळी येते. म्हणून छिद्र काढायचे तर तक्ता जाणत्या माणसाकडून नव्याने बांधून घ्यावा. शिवाय या बदलाने गाडीचा स्पर्धावर्ग बदलू शकतो. चालू वर्षाचे नियमपुस्तक त्याआधीच वाचावे.

पहिला हंगाम रिस्ट्रिक्टर तसाच ठेवून काढावा, हे उत्तम. शंकूंच्या अरुंद वाटेवर वाढीव शक्ती दोन-चार दशांश सेकंद वाचवील. घाईत पाडलेला एक शंकू दोन सेकंद घेऊन जाईल. गाडी समजून घेण्यात गेलेला हंगाम मात्र वाया जात नाही. अनोळखी मुलांनी प्रत्येक जोड असा का केला, हे ज्याला उमगले, त्याच्याच हाती ती गाडी खऱ्या अर्थाने आली.