पंपावरचा आकडा आणि त्याचे माप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अमेरिकेतील पेट्रोलपंपावर पिवळ्या चिठ्ठीत ८७ हा आकडा छापलेला असतो. जर्मनीत तो ९५ असतो, जपानात साधे पेट्रोल सुमारे ९० चे मिळते. हे आकडे शेजारी मांडून, जगातील सर्वांत धनाढ्य देश सर्वांत हलके पेट्रोल जाळतो, असा निष्कर्ष काढणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत. मुंबईचा मण आणि बंगालचा मण एकच समजून सौदा करणाऱ्याची जी गत होई, तीच त्यांची झाली आहे.

इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते व मग ठिणगी पडते. या मिश्रणाचा काही भाग दाबाने आणि उष्णतेने आपणहून पेटला, तर ठोके ऐकू येतात आणि इंजिनाला इजा पोचते. पेट्रोल हा दाब कितपत सोसते, याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. तो ताकदीचा अंक नव्हे. १९२० च्या दशकात ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने हेप्टेन या द्रवाला शून्य आणि आयसो-ऑक्टेनला शंभर मानून ही पट्टी आखली. पुढे परीक्षेच्या दोन रीती रूढ झाल्या. पहिलीत इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेते. दुसरीत ९०० फेरे, आणि मिश्रणही तापवलेले असते. पहिलीत ९५ गुण मिळवणारे पेट्रोल दुसरीत ८५ च्या आसपास येते. युरोप, जपान आणि भारत पहिल्या परीक्षेचे गुण सांगतात. अमेरिका दोन्हींची सरासरी छापते. तेव्हा तिथले ८७ म्हणजे आपल्या मोजणीने ९१-९२. (कोलोराडोसारख्या उंच प्रदेशात ८५ चेही विकतात, हवा विरळ, म्हणून दाब कमी.)

परंतु हा अंक वाढवतात कशाने, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले की शिशाचे एक संयुग किंचित मिसळले तरी ठोके थांबतात. अल्कोहोलनेही ते थांबतात, हे त्यांना ठाऊक होते. पण अल्कोहोलवर कोणाचे पेटंट चालणार नव्हते. माल बाजारात आला तो ‘एथिल’ या गोंडस नावाने. शिशाचा त्या नावात उच्चारही नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यांनी अतिश्रम केले असावेत, असे तिथल्या एका अधिकाऱ्याने वार्ताहरांना सांगितल्याची नोंद आहे! पुढच्याच वर्षी झालेल्या सरकारी परिषदेत अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या वैद्यक तज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला. तरीही काही काळ थांबलेली विक्री पुढे पुन्हा सुरू झाली. अमेरिकेने रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल १९९६ मध्ये पूर्ण बंद केले, भारताने २००० मध्ये, आणि सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये. मधल्या पाऊणशे वर्षांत पंपावरचा आकडा चांगलाच दिसत होता. शिसे मात्र रस्त्याकडेच्या वस्त्यांतील मुलांच्या रक्तात उतरत होते.

आता आपल्याकडे वळू. भारत स्टेज-६ च्या मानकाप्रमाणे साध्या पेट्रोलला किमान ९१ हवेत. २०२५ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि त्यामुळे अंक ९५ वर गेला, असे पेट्रोलियम मंत्रालयाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगितले. म्हणजे आपण युरोपच्या पंक्तीला बसलो! अंक खराच आहे. तथापि एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश उष्णता कमी असते. वाढीव ऑक्टेनचा लाभ त्यासाठी बेतलेल्या, अधिक दाबाच्या इंजिनालाच होतो. दूधवाल्याच्या दहा वर्षांच्या मोटरसायकलला नव्हे. तिचे ‘ॲव्हरेज’ तेवढे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच ही घट जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के धरली होती.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात शेतकऱ्याची थकलेली बिले त्यातून निघत असतील, तर ते मला हवेच आहे. पण त्याची किंमत कोणी भरायची, हे ग्राहकाला न सांगता ठरवले जाऊ नये. युरोपात २०१८ पासून पंपाच्या नळीवर इथेनॉलचे प्रमाण वर्तुळात छापावे लागते, आणि अनेक देशांत पाच टक्क्यांचे की दहा टक्क्यांचे, ही निवडही उरते. ब्राझीलमध्ये शुद्ध इथेनॉल वेगळ्या दराने मिळते. दोन्हींवर चालणारी गाडी असलेला माणूस गणित करून ठरवतो. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

पंपावर घनता लिहिलेली असते. पाच लिटरचे माप मागून भरणा तपासता येतो, गाळणकागदाची चाचणीही मागता येते. हे हक्क आपल्याला आहेत. त्याच फलकावर ऑक्टेन अंक, इथेनॉलचे प्रमाण आणि कोणत्या गाडीचे ॲव्हरेज किती घटेल, हे मराठीत लिहिण्याची सक्ती व्हावी, असे निवेदन प्रत्येक तालुक्यातून पुरवठा अधिकाऱ्याकडे जावे. मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर घेऊन जा.