मेंबरांसाठीची क्रूझ: जादा पैसे नेमके कशाचे?

मुरुमवरून बोलतोय. दुकानाचं शटर अर्धं खाली केलंय, फॅन बंद केलाय, तरी मागून एखादा ट्रॅक्टर गेला तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर.

आजचा विषय बघून काहीजण म्हणतील, ‘गड्या, मुरुमात बसून क्रूझच्या गप्पा? इथून समुद्र कुठं, आपण कुठं!’ खरंय. पण प्रश्न माझ्याच खिशाचा होता, म्हणून सांगतो.

तुम्हाला माहितीय, मी एका कराओके ग्रुपमध्ये आहे. नव्वदीची गाणी, रोज रात्री फोनवर. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेला ग्रुप. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, पुणे, कुठले कुठले लोक. या वर्षी ग्रुपच्या आयोजकांनी मेसेज टाकला: मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ, दोन रात्री, थीम नव्वदीची गाणी, फक्त मेंबरांसाठी. माणशी 34 हजार, वर दीड हजार मेंबरशिप. तीच बोट, तीच तारीख, तशीच आतली खोली मी साधी बुक करून बघितली, तर टॅक्स धरून 24 हजार. म्हणजे साडेअकरा हजारांचा फरक. आमच्या दुकानात साडेअकरा हजार म्हणजे किती डिस्प्ले बदलावे लागतात, ते मलाच माहीत.

आधी थोडं बोटीविषयी. मुंबई-गोवा बोट ही काही नवी गोष्ट नाही. कोकणातली जुनी माणसं अजून आगबोटीच्या आठवणी सांगतात. ती वाहतूक बंद पडली आणि मग कितीतरी वर्षांनी, 2018 च्या ऑक्टोबरमध्ये, ‘आंग्रिया’ नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ आली. ही बोट 1990 ची, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होती. अकरा मजले, पोहण्याचा तलाव, थिएटर, सगळं आत.

तिकिटाचं गणित नीट समजून घ्या. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. त्यावर बंदराचे चार्जेस, जीएसटी वेगळे. जेवण तिकिटात, पण दारू, वायफाय, गोव्यात उतरून फिरणं हे वेगळं. किनारा सुटला की फोनची रेंज जाते, हे आपल्यासारख्यांनी आधीच लक्षात ठेवावं. आणि एकटे गेलात तर दुसऱ्या माणसाच्या जागेचेही पैसे बऱ्यापैकी तुमच्याच माथी.

आता ‘मेंबरांची क्रूझ’ म्हणजे काय? इथंच गोम आहे. हिचे दोन प्रकार असतात. एक, अख्खी बोटच भाड्यानं घेतलेली. अमेरिकेत 2011 पासून ‘सेव्हन्टी थाउजंड टन्स ऑफ मेटल’ नावाची क्रूझ निघते. सगळ्या बोटीवर मेटल संगीताचेच वेडे. जेवणाच्या रांगेत तुमच्या पुढं उभा असलेला माणूस कदाचित गिटारवालाच निघेल. तिथं थीम म्हणजे अख्खी बोट. दुसरा प्रकार, नेहमीच्या फेरीत पन्नास-साठ जणांचा ग्रुप घुसवायचा. बोट सगळ्यांची, तुम्हाला फक्त एक हॉल, तोही ठरलेल्या वेळेला.

मी आयोजकांना सरळ विचारलं, ‘बोट आपली आहे की हॉल आपला आहे?’ पहिल्यांदा उत्तर आलं, ‘फुल धमाल असणार, काळजी करू नका.’ तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, हॉल आपला. रोज संध्याकाळी दोन तास. दोन रात्री म्हणजे चार तास. त्यात टी-शर्ट आणि एक केक. फसवणूक म्हणणार नाही मी. पण मेसेजमध्ये लिहिलं होतं ‘आपली बोट’.

मग लगेच ‘नको’ म्हणून मोकळा का झालो नाही? कारण वेगळं आहे.

2021 च्या एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला. सोलापुरात ऑक्सिजनचा बेड मिळेना. मी ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं, ‘आज गाणार नाही, बाबा सीरियस आहेत.’ सोलापूरचा एक मेंबर, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, तो चार हॉस्पिटल फिरला आणि बेड मिळवून दिला. लातूरच्या एक नर्सताई रोज रात्री नऊला फोन करून आकडे विचारायच्या. कलबुर्गीचे टेलरमास्तर बाबांसाठी रोज एक गाणं रेकॉर्ड करून पाठवायचे. बाबा घरी आले. आता रोज सकाळी माझ्याआधी दुकान उघडतात.

या माणसांना मी आजपर्यंत भेटलेलो नाही. त्यामुळं साडेअकरा हजार मला जास्त वाटतच नव्हते.

आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘कुठं जायलास रं? पाण्यात?’ मी सगळं समजावलं. आई दरवर्षी दिंडीत जाते. तिनं एकच सांगितलं. म्हणाली, ‘वारीला पैसा लागत नाही बाबा, चालायला कुणी अडवत नाही. पैसं लागतेत ते दिंडीला. भिशीचं देताव, तंबूचं देताव. का देताव? संध्याकाळी तंबूत मी दिसले नाही तर कुणीतरी विचारतंय, म्हातारी कुठं ऱ्हायली म्हणून. तुझ्या बोटीत तुला कोण विचारणार हाय, ते बघ आधी.’

मी त्याच रात्री फोन लावले. सोलापूरवाला म्हणाला, ‘दोन पोरांची फी भरलीय भावा, या वर्षी नाही.’ नर्सताईंना रजा नाही. टेलरमास्तर हसले फक्त. म्हणाले, ‘तुम्ही जाऊन या, गाणं पाठवा.’ यादी मागवली. अठ्ठावन्न नावं. त्यातली ओळखीची चार. एप्रिलमध्ये माझ्यासाठी जागलेलं त्यात एकही नाही.

तिथं माझा निर्णय झाला. जादा पैसे माणसांचे असतात, बोटीचे नाही. आणि माझी माणसं त्या बोटीत नव्हती. उलट तो जादा आकडाच त्यांना बाहेर ठेवत होता.

पण थांबा, दुसरी बाजूही सांगतो. ग्रुपमधल्या पुण्याच्या एक काकू त्या क्रूझला जाऊन आल्या. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच एकट्या बाहेर पडल्या. साध्या तिकिटावर त्यांना अख्ख्या खोलीचे पैसे पडले असते, आणि जेवायला एकटं बसावं लागलं असतं. ग्रुपनं त्यांना खोलीत जोडीदारीण दिली. त्या म्हणाल्या, ‘एकेक रुपया वसूल.’ मला ते शंभर टक्के पटतं. त्यांना विचारणारं कुणीतरी तिथं होतं.

म्हणून तुम्हाला असा मेसेज आला, तर पैसे भरायच्या आधी चार गोष्टी विचारा. बोट आपली की हॉल आपला? एकूण किती तास? एकट्या माणसाला खोलीचं काय? रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत? तारीख जवळ येईल तसा परतावा कमी होतो, हे लेखी घ्या. आणि पाचवी गोष्ट स्वतःला विचारा: यादीतल्या कुणासाठी मी जातोय? नाव आठवलं तर भरा. नुसता समुद्र बघायचा असेल तर साधं तिकीट काढा. सूर्य दोन्ही तिकिटांवर तेवढाच बुडतो.

माझं काय झालं? आम्ही नळदुर्गला भेटायचं ठरवलंय. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, मुरुम, सगळ्यांना एका दिवसात जाऊन-येऊन करता येतं. पाऊस चांगला झाला आणि बोरी नदी भरली, की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडतात, मधल्या पाणीमहालात उभं राहून बघायचं. टेलरमास्तर येतायत. नर्सताईंनी रविवार मागून घेतलाय. बाबा म्हणाले, मी पण येतो, त्या बेडवाल्या पोराला बघायचंय मला.

ब्लूटूथ स्पीकर मी नेतोय, डबा आई देतेय. कसं झालं ते पुढच्या वेळी सांगतो. तुम्ही अशा क्रूझला गेला असाल तर व्हॉइस मेसेज पाठवा, वसूल झालं की नाही, खरं-खरं सांगा. चला, शटर पूर्ण खाली करतो. भेटू.