शुद्ध रक्ताची गोष्ट

मुलांच्या गोष्टींत चेटकीण असते, राक्षस असतो, उडता गालिचा असतो. तिथे कुळाची आणि रक्ताची चौकशी कशाला, असे आपण म्हणाल. पण जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची हॅरी पॉटरची सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात निघाली, ती उघडून पाहा. त्यांतला सर्वांत मोठा राक्षस म्हणजे एक कल्पना आहे : आमचे रक्त शुद्ध, तुमचे गढूळ.

१९९८ सालच्या दुसऱ्या पुस्तकातला एक प्रसंग घ्या. हर्मायनी ही वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. आईबाप दातांचे डॉक्टर. घराण्यात जादू कुणालाच येत नाही. ड्रॅको हा बड्या घरचा मुलगा तिला सर्वांदेखत रक्तावरून शिवी हासडतो. आणि गंमत पाहा, त्या शिवीचा अर्थ ना हर्मायनीला ठाऊक, ना हॅरीला. दोघेही जादूगारांच्या घरांत वाढलेले नाहीत. संतापतो तो रॉन. तो जुन्या जादूगार घराण्यातला, म्हणून त्याला ती शिवी कळते. यातून लेखिका एक मोठी गोष्ट सहज सांगून जाते. द्वेष काही रक्तातून येत नाही. तो घरात ऐकलेल्या बोलण्यातून येतो.

बरे, ही शुद्धता तरी खरी आहे का? रॉनच सांगतो की आजचे बहुतेक जादूगार मिश्र रक्ताचेच आहेत; साध्या माणसांशी लग्ने केली नसती, तर जमातच उरली नसती. शुद्धतेचा झेंडा मिरवणाऱ्या व्हॉल्डेमॉर्टचा बाप जादू न येणारा साधा माणूस होता. २००३ च्या पुस्तकात ब्लॅक घराण्याची वंशावळ भिंतीवर टांगलेली आहे. ज्यांनी घराण्याला न रुचेल असे वर्तन केले, त्यांची नावे तिच्यावरून जाळून टाकलेली! नावे जाळल्याशिवाय जी टिकत नाही, ती कसली शुद्धता?

ही नुसती कल्पनेची भरारी नव्हे. १९३५ साली जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे झाले. आजी-आजोबा चौघे, त्यांपैकी तिघे किंवा चौघे ज्यू असले, की माणूस ज्यू ठरे आणि त्याचे नागरिकत्वाचे हक्क जात. रोलिंगबाईंच्या शेवटच्या पुस्तकात सरकारी कचेरीत हर्मायनीसारख्यांची अशीच नोंदणी आणि चौकशी चालते. आपल्याला तर हे दूरचे वाटायलाच नको. जातिभेद रक्ताच्या शुद्धीसाठी आहे, हा दावा बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात खोडून काढला होता.

मग ही पुस्तके मुलांच्या हाती दिली की आपले काम झाले? तसं नाही. त्याच दुसऱ्या पुस्तकात फिल्च नावाचा शाळेचा रखवालदार आहे. जन्म जादूगाराच्या घरचा, पण जादू येत नाही. बिचारा टपालाने जादूचे धडे मागवतो आणि ते पाकीट हॅरीच्या हाती लागते. ही हकीकत ऐकून हसू कुणाला येते? रॉनला! हर्मायनीच्या शिवीने पेटून उठलेला तोच हा मुलगा. फिल्च तिरसट आहे, मुलांना छळतो, हे खरे; पण हसण्याचे कारण ते नाही. हसू येते ते त्याच्या जन्मातल्या उणिवेचे. आणि वाचता वाचता आपल्यालाही ते येते.

मैत्रिणीवरचा अन्याय दिसणे सोपे असते. नावडत्या माणसावरचा दिसायला डोळे ताणावे लागतात. तेव्हा घरात मूल हे पुस्तक वाचत असेल, तर ड्रॅको वाईट का, हे त्याला विचारू नका. ते त्याला ठाऊकच असते. फिल्चचे पाकीट वाचताना तू हसलास का, एवढेच विचारा. आणि आधी आपण स्वतः त्याचे उत्तर द्या.