केरी ते मोरजी : सागरतीराची पायवाट

(पेडणे तालुक्यातील शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोमंतकाच्या निसर्गसौंदर्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला करण्यात आली. प्रसिद्धी अधिकाऱ्याला अशी सूचना करणे म्हणजे मासळीला पोहण्याचे आमंत्रण देणेच होय! परंतु सौंदर्याचे सर्वसाधारण गुणगान आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आज मी एका वाटेपुरतेच बोलणार आहे. ही वाट आपल्याच तालुक्यातील आहे. तेरेखोल नदीच्या मुखाशी केरी येथे ती सुरू होते आणि हरमल, मांद्रे, आश्वे अशी गावे घेत मोरजीच्या टेंबावर, शापोरा नदीच्या मुखाशी संपते. अंतर सुमारे बारा-तेरा किलोमीटर. देशोदेशीचे प्रवासी ही वाट चालून जातात. मात्र केरीच्या शाळेतील किती मुलांनी ती टेंबापर्यंत चालून पाहिली आहे, असा प्रश्न केला तर उत्तर फारसे समाधानकारक येईल असे वाटत नाही.

वाटेला लागण्यापूर्वी केरीच्या धक्क्यावर थोडे थांबावे. पैलतीरावर टेकडीच्या अंगावर तेरेखोलचा किल्ला दिसतो. मुळात तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला. आपला पेडणे महाल मात्र त्यांच्या ताब्यात 1788 मध्ये गेला. म्हणजे नदीच्या उत्तरेकडील किल्ला आधी गेला आणि दक्षिणेकडील मुलूख चार दशकांनी! 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यात प्रवेश करून तिरंगा फडकविला होता. वर्गात गोवा मुक्तिसंग्रामाचा धडा शिकविताना हा किल्ला डोळ्यांसमोर असेल तर धड्याला निराळीच धार येते. फेरीबोटीने पलीकडे जाऊन यायला फारसा वेळ लागत नाही.

आता चालण्याविषयी. या वाटेवर घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. आपल्या रापणकारांना ठाऊक असलेला एक जुना हिशेब आहे, तो शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि सायंकाळी सहाला भरती, आणि मध्ये दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. तृतीयेला सव्वादोनला भरती. तेव्हा सकाळी साडेआठच्या सुमारास पाणी पुरते ओसरलेले असते. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजणी सुरू करावी. हिशेब स्थूल आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण द्वितीया ते चतुर्थी या तिथींना सकाळी सातला केरीहून निघालेल्या माणसास ओली, घट्ट, पायाला सुखाची वाळू मिळते. उधाणाच्या दिवशी भर दुपारी निघालेल्याच्या वाट्याला मऊ वाळू आणि पोटऱ्यांची दुखणी येतात.

केरीच्या आजोबा देवस्थानाला नमस्कार करून दक्षिणेकडे निघाले, की थोड्याच वेळात वाळू संपते आणि वाट टेकडीवर चढते. हा जांभ्याचा सडा. वैशाखात तो तापलेल्या तव्यासारखा, काळाठिक्कर व उजाड दिसतो, आणि या पडीक जागेचा उपयोग तरी काय, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्या प्रश्नकर्त्याला भाद्रपदात पुन्हा येथे आणावे. पावसाचे पाणी साचून राहिलेल्या उथळ खळग्यांतून तेव्हा सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे फुललेले असतात. दिसायला इतके नाजूक असलेले हे फूलझाड कीटकभक्षी आहे. जांभ्यावरच्या निकस मातीत जे पोषण मिळत नाही, ते त्याच्या सूक्ष्म पिशव्या ओल्या मातीतील बारीक जीव पकडून मिळवितात. सड्यावर पडलेले पाणी मुरत मुरत खालच्या झऱ्यांना जाते. टेकडी उतरल्यावर हरमलला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे लागते. ते पाणी कोठून आले, हे मुलांना विचारावे. सडा पाहून आलेल्या मुलाला उत्तर सांगावे लागत नाही.

हरमलपासून पुढे वाळूचे राज्य. येथे मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण आपण ज्याला 'नुसती वाळू' म्हणतो तीच या किनाऱ्याची तिजोरी आहे.

आषाढात मांद्रेचा किनारा पाहावा. लाटा उंच व वारंवार येतात आणि वाळू ओढून नेतात. चैत्रात जेथे शंभर पावले रुंद पुळण होती तेथे कडा तुटलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, समुद्राने गाव गिळायला घेतले! वस्तुतः ती वाळू बहुतांशी फार दूर जात नाही. उथळ पाण्यातच तिचे बांध तयार होतात आणि त्या बांधांवर मोठ्या लाटा आधीच फुटून त्यांचा जोर मोडतो. आश्विन-कार्तिकानंतर लाटा सौम्य झाल्या म्हणजे त्याच लाटा ही वाळू हळूहळू परत आणून घालतात. कोरडी झालेली वाळू वारा वर उडवितो. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा ती अडवून धरतात, आणि टेकडी पुन्हा भरते. सागराने उचल घ्यावी आणि हंगाम संपल्यावर फेड करावी, असा हा व्यवहार आहे. मात्र त्याला एक अट आहे. उचल देण्यासाठी टेकडी शिल्लक हवी! वाळूची टेकडी सपाट करून तेथे बांधकाम केले, वेली उपटून 'स्वच्छता' केली, की पुढील पावसाळ्यात समुद्र उचल घ्यायला येतो तो थेट माडाच्या मुळाशी. केरीला सुरूची झाडे मुळे उघडी पडून कोसळलेली आपण पाहिली आहेत. सुरू हे परदेशातून आणून लावलेले झाड, दिसायला सुरेख. परंतु वाळू धरण्याचे काम जमिनीसरपट पसरणाऱ्या मर्यादवेलीइतके त्याला साधत नाही. त्या वेलीचे नाव आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक ठेवले असावे.

किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 मध्ये निघाली. 2011 च्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीची स्थळे म्हणून स्पष्टपणे नोंदले गेले. त्यांपैकी दोन आपल्या याच वाटेवर आहेत. अधिसूचना कचेरीत असते. टेकडी सपाट होते ती रात्री, आणि ते गावकऱ्यांनाच प्रथम दिसते. मोपा येथील विमानतळाचे 2022 मध्ये उद्घाटन झाल्यापासून या पट्ट्यातील जमिनीला कसे भाव आले आहेत, हे मी आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. पाहुणे यावेत, हे सांगणे माझे कामच आहे. पण ज्यासाठी ते येतात तेच विकून टाकले तर पुढील वर्षी मी कशाचे पत्रक काढावे?

मांद्रे आणि आश्वे यांच्या दरम्यान किनाऱ्याला समांतर वाहणारा ओहोळ लागतो. ओहोटीच्या वेळी तो घोटाभर पाण्यातून ओलांडता येतो. येथे ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती इवल्या खेकड्यांची करामत आहे. ते वाळू तोंडात घेतात, तीतील अन्नकण काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. पुढील भरतीला सारे पुसले जाते.

मोरजीच्या टेंबावर मार्गशीर्षापासून पक्ष्यांची जत्रा भरते. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले कुरव पक्षी नदीमुखाच्या वाळूवर थव्याने बसलेले असतात. चिखल्या लाटेमागे धावतात आणि लाट आली की पळतात. वर समुद्री गरुड घिरट्या घालतो. थव्यातून धावत जाऊन पक्षी उडविण्यात मुलांना मोठा आनंद वाटतो, हे खरे. परंतु हजारो मैलांचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला पानावरून उठविण्याचाच तो प्रकार आहे. शांतपणे बसून पाहिले तर ते जवळ येतात.

याच टेंबावर साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे रात्री अंडी घालण्यासाठी येतात. मादी मागील पायांनी दीड-एक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात परतते. पिल्ले दीड ते दोन महिन्यांनी बाहेर पडतात. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या अधिक निपजतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. पूर्वी ही अंडी खाल्ली जात व बाजारात विकली जात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिले; परंतु प्रत्यक्ष रात्रीची राखण गेल्या शतकाच्या अखेरीपासून वनखात्याबरोबर मोरजीच्याच लोकांनी केली, याचा अभिमान वाटला पाहिजे. आता धोका निराळा आहे. वाळूतून वर आलेले पिल्लू ज्या दिशेला उजेड अधिक त्या दिशेला जाते. निसर्गात तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो. किनाऱ्यावर उपाहारगृहांचे झगझगीत दिवे असतील तर पिल्लू समुद्राकडे पाठ फिरवून दिव्यांकडे चालू लागते, आणि सकाळी कावळ्यांची मेजवानी होते. विणीच्या हंगामात किनाऱ्याकडील दिवे मालविणे किंवा त्यांना आडोसा करणे, यास कोणताही निधी लागत नाही.

वर्षातील कोणता काळ चालण्यास उत्तम, असे मला नेहमी विचारले जाते. पाहुण्यांना मी मार्गशीर्ष सांगतो. आपल्या माणसांना सांगेन की वर्षातून चार वेळा चाला. फाल्गुन-चैत्रात काजूच्या बोंडांचा वास टेकडीवर दरवळतो (हुर्राकाविषयी शासकीय अधिकाऱ्याने अधिक न बोललेले बरे). वैशाखात पुरुमेंताची धांदल असते, मासळी वाळत घातलेली असते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि किनारा निर्मनुष्य होतो. त्या काळात टेकडीवरूनच समुद्र पाहावा. पाण्यात पाय घालू नये, खडकांवर जाऊ नये. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाल्यावरही लाटांची ओढ काही आठवडे टिकते, हे मुलांच्या मनावर ठसविणे आवश्यक आहे.

शिक्षकांना शेवटी एक विनंती आहे. प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या किनाऱ्यावरील एक जुना माड निश्चित करावा आणि दर पौर्णिमेला, भरतीच्या सर्वांत वरच्या ओल्या रेषेपासून त्या माडापर्यंतचे अंतर मुलांकडून मोजवून वहीत उतरवावे. सोबत तिथी, वाऱ्याची दिशा आणि दिसलेले पक्षी लिहावेत. पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी ग्रामसभेत ठेवल्या, तर वाळू कोठे परतली आणि कोठे परतली नाही, हे कोणालाही नाकारता येणार नाही. मोजण्यासाठी मोठा टेप नसेल तर मीटरामीटरावर गाठ मारलेली सुंभाची दोरी पुरेशी होते.