रुग्णालयातला भ्रम



खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजी दोन दिवस छान बोलत असतात. तिसऱ्या रात्री मुलाला ओळखेनाशा होतात, चादरीवर नसलेल्या मुंग्या वेचतात, सलाईन उपसायला बघतात. मुलगा रडवेला होऊन विचारतो, "डॉक्टर, आईला वेड लागलं का हो?" वेड नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. हा डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक झालेला भ्रम.

तो कुणाला होईल आणि किती जोर धरेल, हे मेंदूची ताकद आधीच किती उणावली आहे आणि त्यावर आणखी काय येऊन पडतं, यावर बरंचसं ठरतं. वय आणि स्मृतिभ्रंश आपल्या हातात नाहीत. पण जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, पोट साफ नसणं, अंगावर काढलेलं दुखणं, मोडलेली झोप यांवर इलाज आहे. गरज संपल्यावरही राहिलेली लघवीची नळी, खाटेला बांधलेले हात आणि एकदम वाढलेली औषधं यांनीही भ्रम ओढवतो. झोपेच्या काही गोळ्या तर म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवतात. आणि रुग्ण रोज दारू घेत असेल, तर दाखल करतानाच सांगा. लाजेपोटी लपवलं, तर दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांत उठणारा भ्रम जिवावर बेततो.

अमेरिकेत डॉ. शॅरन इनूये यांनी सत्तरी गाठलेल्या 852 रुग्णांचा अभ्यास केला. तो 1999 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र वापरायला लावलं, वेळेवर पाणी पाजलं, रोज चालवलं, रात्री गोळीऐवजी गरम दूध दिलं, पाठ चोळून दिली. नेहमीच्या उपचारांत 15 टक्के रुग्णांना भ्रम झाला, या गटात 9.9 टक्क्यांना. पण ज्यांना तो झालाच, त्यांच्यात त्याची तीव्रता दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. काळजी पहिल्या दिवसापासूनच घ्यायला हवी. आपण मात्र हरवेल म्हणून आजींचा चष्मा घरी नेऊन ठेवतो!

आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेल्या आजोबांना "आज शांत आहेत" म्हणून सोडून देतात. तोही भ्रमच असू शकतो, आणि लक्षात न आल्यानं जास्त घातक ठरतो. "बाबा असे नाहीत हो," असं लेक म्हणाली, तर आम्ही डॉक्टरांनी ते रक्ताच्या तपासणीइतकंच मनावर घ्यायला हवं. तुम्हीही त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. एरवी सहज म्हणणारा माणूस मधेच भरकटला, तर त्याच रात्री सिस्टरना सांगा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.