खनिजांचे मानकरी
(निपाणी येथे ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरे, चकाकणारे स्फटिक सापडतात. गारगोटी म्हणून आपण ते बांधावर टाकून देतो. अशा दगडांच्या अभ्यासासाठी जगात विद्वत्संस्था आहेत व त्या पदकेही देतात, हे ऐकून काहींना नवल वाटेल.

अमेरिकेतील खनिजशास्त्र संस्था १९१९ साली स्थापन झाली. तिचा सर्वोच्च मान म्हणजे रोबलिंग पदक. हे वॉशिंग्टन रोबलिंग प्राध्यापक नव्हते. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधणारे ते अभियंते. पायाच्या कामात त्यांची प्रकृती कायमची ढासळली, तेव्हा पत्नी एमिलीबाईंनी त्यांच्या वतीने कामावर देखरेख केली आणि १८८३ साली पूल पुरा झाला. खनिजे जमविणे हा रोबलिंग यांचा छंद. १९२६ साली त्यांनी संस्थेला ४५,००० डॉलर दिले. त्याच वर्षी ते निवर्तले. त्यांच्या संग्रहातील १६,००० हून अधिक नमुने स्मिथसोनियन संस्थेकडे गेले. पहिले पदक १९३७ साली देण्यात आले. आपल्याकडे केंद्रीय खाण मंत्रालयाने १९६६ साली राष्ट्रीय खनिज पुरस्कार सुरू केले. २००९ पासून ते भूविज्ञान पुरस्कार म्हणून ओळखले जातात.

पदकाहून टिकाऊ मान म्हणजे खनिजाला नाव मिळणे. शोधणाऱ्याने स्वतःचे नाव देऊ नये, हा संकेत मला फार आवडतो. झाबुआ जिल्ह्यातील काजळीडोंगरीच्या एका मँगनीज खनिजाला फर्मर यांनी आपले वरिष्ठ हॉलंड यांचे नाव दिले. पुण्याच्या नावाने ‘पूनालाइट’ही झाले होते, पण ते जुनेच मेसोलाइट ठरले आणि नाव गेले.

वाघोलीचे मात्र तसे नाही. कॅव्हनसाइट प्रथम १९६७ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले, तरी त्याचे सर्वोत्तम निळे गुच्छ पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतले. परदेशी संग्रहालयांत त्या नमुन्यांखाली ‘वाघोली’ लिहिलेले असते. सुरुंगाच्या कामात हात सोलून घेणाऱ्या खाणकामगाराचे नाव तिथे नसते, ही खंत आहेच. पण गावाला मान मिळाला तो खालच्या चिठ्ठीमुळे. ठिकाण न नोंदलेला स्फटिक कितीही देखणा असो, अभ्यासकाला त्याचा उपयोग थोडा.

म्हणून शिक्षकबंधूंना विनंती, की शाळेच्या कपाटात दगड ठेवाल तेव्हा सोबत गाव, सर्व्हे नंबर, किती फुटांवर सापडला, तारीख, आणि ज्याच्या पहारीने तो निघाला त्याचेही नाव लिहून ठेवावे.