उभ्या जंगलाचा हिशेब
(अहेरी येथील भाषण)



आलापल्लीचा साग तोडून विकला की सरकारी जमाखर्चात ती रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली जाते. वस्तुतः ती भांडवलाची विक्री होय. घटलेल्या भांडवलाची नोंद त्या हिशेबात होत नाही. उभे जंगल मात्र मोह, तेंदूपाने, चारोळी दरवर्षी देते. हे उत्पन्न आदिवासींच्या घरी जाते, म्हणूनच ते नगण्य ठरते काय?

मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जंगल उभेच राहिले.

तेव्हा तोडीपूर्वी ग्रामसभेसमोर दोन्ही रकमा मांडा: एकदाच मिळणारी आणि दरवर्षी बुडणारी. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.